आप्पांचा प्रश्न आणि एक लाख बारा हजारांचं कोटेशन

"दिवसाला किती निघतं ह्यातनं?" आप्पांनी विचारलं.

मी त्यांच्यापुढे खेळायच्या नव्या कॉम्प्युटरच्या कोटेशनचा कागद धरला होता. तळाला आकडा होता १,१२,०००. आप्पांनी चाळीस वर्षं बेळगावच्या वडगावात माग चालवले. जुना माग विकत घ्यायचा झाला की ते त्या घरी दिवसभर जाऊन बसायचे, संध्याकाळपर्यंत किती वार कापड उतरतंय ते मोजायचे आणि मगच भावाचं बोलायचे. त्यामुळे हा प्रश्न त्यांनी मला गप्प करायला विचारला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते माझ्याकडे नव्हतं, आणि पुढचे अडीच महिने मी तेच शोधत होतो.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाईच्या यंत्रांचे, प्रोग्रॅम करतो. खेळायची सवय २००८ची. कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत वीस रुपये तासानं आम्ही पाचजण काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ खेळायचो. आज त्या पाचांतले दोघे पुण्यात आहेत, एक बेंगळुरूत, एक कोल्हापुरात आणि मी इथंच. लग्नकार्य सोडलं तर समोरासमोर भेट होत नाही. पण आठवड्यातनं चार रात्री, साडेनऊ ते बारा, आम्ही हेडफोन लावून एकत्र असतो. एकाच्या आईचं ऑपरेशन ठरलं, दुसऱ्याची नोकरी गेली, तिसऱ्याला मुलगी झाली, हे सगळं मला खेळता खेळताच कळलंय. म्हणून ह्या खर्चाला मी चैन म्हणत नाही. पण चैन नाही म्हणून कितीही पैसे घालावेत असंही नाही.

माझा जुना कॉम्प्युटर २०१७चा. इंटेलचा आय-५ ७४००, सोळा जीबी रॅम आणि पडद्यावरचं चित्र तयार करणारं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. सहा वर्षं त्यानं कुरकुर केली नाही. सप्टेंबर २०२३मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला, जुन्या खेळाची जागा त्यानं घेतली, आणि तिथनं माझं गणित बिघडलं. धुराचा गोळा फुटला की चित्र अडखळायचं, आणि नेमका तेव्हाच समोरून गडी यायचा. इंडियाना जोन्सचा खेळ किंवा नवा डूम तर सुरूच होणार नाहीत, कारण त्यांना रे ट्रेसिंग, म्हणजे उजेडाच्या किरणांचा हिशोब, करणारं कार्ड लागतंच आणि माझ्या कार्डात ती सोय नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, माझा सातव्या पिढीचा. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती ती घेतली, म्हणून डोक्यावर टांगती तलवार नव्हती. तरी दिवाळीच्या तोंडावर मी गावातल्या एका दुकानात गेलो आणि तो कागद घेऊन आलो.

आता त्या कागदाबद्दल सांगतो, कारण खरी मेख तिथंच होती. प्रोसेसर रायझन ५ ७६००, नाव स्पष्ट लिहिलेलं. कार्ड "आरटीएक्स ५०६० टीआय", एवढंच. रॅम "१६ जीबी डीडीआर५". साठवणीची एसएसडी "१ टीबी". सगळ्याला वीज पुरवणारा एसएमपीएस "६५० वॅट". कॅबिनेटबद्दल मात्र दोन ओळी: तिन्ही बाजूंनी काच, सहा पंखे, रंग बदलणारे दिवे.

मी कारखान्यात मशीनची कोटेशनं वाचतो. त्यात स्पिंडलच्या बेअरिंगची कंपनी लिहिलेली नसली तर आम्ही कागद परत पाठवतो. इथं ज्या दोन गोष्टींवर सगळा भार पडणार त्यांचीच माहिती गायब होती. ५०६० टीआय हे कार्ड २०२५च्या एप्रिलमध्ये आलं ते दोन प्रकारांत, एकात आठ जीबी मेमरी आणि दुसऱ्यात सोळा. नाव एकच. मी फोन करून विचारलं तेव्हा कळलं, आठवालं. एसएमपीएस कुठल्या कंपनीचा म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "चांगला आहे हो, सगळ्यांना तोच देतो." रॅम सोळा जीबीची एकच पट्टी होती. दोन आठच्या पट्ट्या लावल्या तर प्रोसेसरला मेमरीशी बोलायला दोन वाटा मिळतात, एका पट्टीत एकच. हे दुकानदाराला माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याच्यावर राग धरावा असंही नाही, कारण गिऱ्हाईक काच आणि दिवे बघूनच घेतं आणि तो तेच ठळक लिहितो. पण माझ्या पैशाचा भाव त्या कागदात नव्हता, एवढं नक्की झालं.

मेमरीच्या बाबतीत माझा स्वतःचाच दाखला होता. २०१६मध्ये १०५० दोन जीबीचं होतं आणि १०५० टीआय चार जीबीचं. घेताना मी दोन-अडीच हजार जास्त मोजून चारवालं घेतलं, तेव्हा मित्रांनी वेड्यात काढलं होतं. त्या जादा दोन जीबीनंच कार्ड आठ वर्षं ओढलं. प्रोसेसिंगची ताकद कमी पडली तर खेळाची सेटिंग खाली आणून भागवता येतं. मेमरी संपली की मात्र चित्र मध्येच थबकतं, भिंतीवरचे रंग पुसट होतात, आणि त्याला उपाय नसतो. मी आठ वर्षांसाठी वस्तू घेणारा माणूस आहे. दोन वर्षांनी विकून नवं घेणाऱ्याला आठ जीबी पुरेल, मला नाही.

मधल्या काळात मावसभावानं लॅपटॉपचं सुचवलं. "कुठंपण नेता येतो की." त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. लॅपटॉपमधल्या कार्डाचं नाव तेच असलं तरी वस्तू ती नसते. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही ताकदीनं बसवलेलं असू शकतं, ते बनवणाऱ्यावर आहे. ४०७०चं तर डेस्कटॉपला बारा जीबी आणि लॅपटॉपला आठ. मला कुठं न्यायचाच नाही, तर त्या सोयीचे पैसे का भरू?

मग जुनं घ्यावं म्हणून निपाणीला गेलो. एकानं पूर्ण कॉम्प्युटर विकायला काढला होता, आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं कार्ड, भाव ५५,०००. रविवारी सकाळी तवंदी घाट उतरून पोचलो. पोरगा भला होता, चहा दिला, कॅबिनेट उघडून दाखवलं. घराला लागूनच तंबाखूचं गोदाम. पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत तपकिरी भुकटी बसलेली, बोटाला चिकटणारी, आणि नाक जवळ नेलं की तोच उग्र वास. मी वीस मिनिटं टेस्ट लावली. तापमान ८६ अंशांवर गेलं आणि डाव्या पंख्यातनं खरखर सुरू झाली. बेअरिंग गेल्याचा आवाज मी रोज ऐकतो, तो ओळखायला मला यंत्र लागत नाही. पंखा बदलता येतो, धूळ काढता येते. पण बिल नव्हतं, आणि कार्ड त्यानंही दुसऱ्याकडनं घेतलं होतं. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम ह्या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडलं तेव्हा अशी रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात ढिगानं आली. हे त्यातलं होतं की नाही ते सांगणारं कुणी नव्हतं. पंचावन्न हजारांत मला दुसऱ्याच्या वापराचा इतिहास विकत घ्यायचा नव्हता. हात जोडून निघालो.

निघालोच होतो म्हणून तसाच कोल्हापूरला मित्राकडे गेलो, आणि तिथं एक गोष्ट कळली जी कुठल्या कागदावरनं कळली नसती. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा. माझा ६०चा. म्हणजे माझ्या पडद्यावर नवीन चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांनी येतं, त्याच्या पडद्यावर ६.९नं. आकडे मला आधीही पाठ होते. पण माऊस हातात घेऊन मी नुसता डावीकडून उजवीकडे वळलो आणि थांबलो. भिंतीवरची अक्षरं वळताना वाचता येत होती. माझ्याकडे ती वळताना फराटा होतात. परत वळलो, परत वाचली. मित्र मागनं म्हणाला, "काय बघूलालास एवढं?" बेळगाव सोडून बारा वर्षं झाली तरी त्याची बोली काही गेलेली नाही.

त्या मॉनिटरची किंमत दहा-अकरा हजार. माझ्या कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि मदरबोर्डावर जे पैसे होते त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. आणि उलटंही खरं: लाखाचा कॉम्प्युटर घेऊन मी तो माझ्या जुन्या ६० हर्ट्झच्या पडद्याला जोडला असता तर निम्मे पैसे पडद्याआडच राहिले असते.

घरी आल्यावर विजेचा विषय निघाला. बायकोला वाटत होतं की असला कॉम्प्युटर आला म्हणजे गृहज्योती, कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, हातची जाईल. तिची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. ह्या योजनेत २०२२-२३चा आपला महिन्याचा सरासरी वापर धरून त्यावर दहा टक्के वाढवून देतात, तेवढी युनिटं फुकट. त्याच्या वर गेलं तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २००च्या वर गेलं तर सगळंच बिल भरायचं. पुतणी आठवीत आहे, शाळेत कन्नड शिकते, तिनं बिल घेऊन एकेक ओळ वाचून दाखवली. आमची सरासरी ९६, म्हणजे हक्काची १०५. सध्याचा वापर १०१च्या आसपास.

कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडनं प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मागून आणला. जुना कॉम्प्युटर खेळताना मॉनिटरसकट १५५ वॅट खात होता. नव्याचं मी कार्ड आणि प्रोसेसरच्या कागदावरच्या आकड्यांवरनं मोजलं, ३२० वॅट धरले. आठवड्याला दहा तास, महिन्याला ४३. जुना सात युनिटांच्या आत, नवा चौदाच्या आत. वाढ सात युनिटांची. म्हणजे तीनेक युनिटांचे पैसे भरायचे. बायको म्हणाली, "एवढंच?" आणि तो विषय संपला. महागड्या कार्डाच्या बाबतीत लोक विजेची भीती घालतात, पण मोजून बघितलं तर दहा तासांत फार काही होत नाही. दिवसभर खेळणाऱ्याचं वेगळं.

वॅटमीटर लावता लावता दुसरीच गोष्ट सापडली. जुन्या कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट लागलं की झिणझिण्या यायच्या. आठ वर्षं मी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांच्यातनं थोडी गळती कॅबिनेटवर येते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर माणसाच्या हातातनं वाट काढते. मल्टिमीटर लावला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १७ व्होल्ट. दोन-तीनच्या वर असू नयेत. एक लाखाची वस्तू मी ह्या सॉकेटला लावणार होतो!

आप्पांना सांगितलं. ते काही न बोलता मागच्या दारी गेले, तुळशीजवळची फरशी उचलली. माग बसवले तेव्हा त्यांनीच खणून घेतलेला अर्थिंगचा खड्डा, कोळसा आणि मीठ भरलेला. माग विकल्यापासून त्यात कुणी पाणी घातलं नव्हतं. माती भाजल्यासारखी कोरडी, तारेचा क्लॅम्प गंजून हिरवा. मी क्लॅम्प काढून पॉलिश पेपरनं घासला, आप्पांनी वरनं मिठाची पिशवी रिकामी केली आणि चार बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर ३ व्होल्ट. झिणझिण्या गेल्या. सगळ्या शोधातलं हे सर्वांत स्वस्त काम होतं, आणि कुठल्याही दुकानात मला कुणी "अर्थिंग बघितलंय का" असं विचारलं नव्हतं.

आमच्या गल्लीत अजून माग चालतात. सकाळी एकदम सुरू झाले की दिवा मिणमिणतो. म्हणून यूपीएस घेणं भागच होतं, आणि तो कोटेशनमध्ये धरलेलाच नव्हता. दुकानात जो सर्रास देतात तो ६०० व्हीएचा असतो, त्यातनं बहुधा ३६० वॅटच मिळतात. नव्या कॉम्प्युटरला तो काठावर. १ केव्हीएचा, ६०० वॅटवाला, ६,३००ला पडत होता. ज्यांच्याकडे दिवे मिणमिणतात त्यांनी हे पैसे कॉम्प्युटरच्या किमतीतच धरावेत.

एवढं सगळं होईपर्यंत डिसेंबर उजाडला आणि रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला आणि आपल्यासारख्यांना उरलासुरला राहिला. मायक्रॉननं तर क्रूशियल ह्या नावाची किरकोळ विक्रीच बंद करायचं जाहीर केलं. माझ्या कागदावर ऑक्टोबरमध्ये ५,४००ला लिहिलेली सोळा जीबी रॅम डिसेंबरात १३,८००ला गेली. एसएसडीही वाढल्या. दुकानदारानं नवा आकडा सांगितला, १,२१,५००. कोल्हापूरचा मित्र म्हणाला, "आताच घे, पुढं आणखी वाढेल." पुण्यातला म्हणाला, "थांब, उतरेल." दोघांनाही माहीत नव्हतं. मलाही नाही.

एका रात्री जुना कॉम्प्युटर उघडून बसलो होतो आणि हातात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. आठ-आठ जीबी, डीडीआर४. एक २०१७ची, दुसरी लॉकडाउनमध्ये घेतलेली. आणि तेव्हा लक्षात आलं की मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो. "नवा कॉम्प्युटर एवढ्या किमतीचा आहे का" असा नव्हे. "माझ्याकडे नाही असं त्यातलं नेमकं काय आहे" असा. रॅम आहे. एसएसडी आहे, छोटी असली तरी. कॅबिनेट आहे. कमी पडतोय तो प्रोसेसर, कार्ड, पडदा, आणि आठ वर्षांचा एसएमपीएस बदलायलाच हवा. एएमडी ह्या कंपनीचे आधीच्या पिढीचे एएम४ बोर्ड डीडीआर४वरच चालतात. रायझन ५ ५६०० हा २०२२चा प्रोसेसर, सहा कोअरचा, काउंटर-स्ट्राइकला सेकंदाला १४४ फ्रेमच्या (चित्रांच्या) वर आरामात नेतो.

ह्या वाटेचा तोटाही मी धरला. एएम४ आता शेवटाला आलंय. पुढं प्रोसेसर बदलायचा झाला तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतील. कोटेशनमधलं नव्या पिढीचं एएम५ घेतलं असतं तर तेवढी सोय राहिली असती. पण मी मागच्या आठ वर्षांत प्रोसेसर एकदाही बदलला नाही, मग न वापरायच्या सोयीसाठी आज महागाईच्या दिवसांत रॅम का घेऊ?

प्रोसेसर ११,८००. बी५५० बोर्ड ९,२००. कार्ड आरएक्स ९०६० एक्सटी, सोळा जीबीचं, ३७,४००. ह्याचंही आठ जीबीचं भावंड आहे, म्हणून खोक्यावरचा आकडा दोनदा वाचून घेतला. ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस ५,१००, कंपनीचं नाव असलेला. १४४ हर्ट्झचा चोवीस इंची मॉनिटर १०,६००. यूपीएस ६,३००. एकूण ८०,४००. दुकानच्या आकड्यात यूपीएस मिळवला तर १,२७,८००.

आता आप्पांचा प्रश्न. आठवड्याला दहा तास, वर्षाला पाचशे. आठ वर्षांची आशा आहे, पण सहाच धरली. तीन हजार तास. दुकानचा कॉम्प्युटर तासाला साधारण साडेबेचाळीस रुपये. माझा सत्तावीस. २००८मध्ये आम्ही वीस देत होतो, तेही मोडक्या खुर्चीत बसून. हे मी आप्पांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सत्तावीस चालतंय. पण तास तेवढे भरले पाहिजेत."

जोडणी मीच केली. एका गोष्टीवर अडलो: जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येत होता, कार्ड दोन बोटं लांब. पिंजरा रिव्हेटांनी बसवलेला. कॅबिनेट कारखान्यात नेलं, जेवणाच्या सुट्टीत सहा रिव्हेट ड्रिलनं उडवले, कडा फाईलनं घासल्या, पत्र्याचा कीस हवेनं उडवला. आतमध्ये कीस राहिला तर बोर्ड जळायला एक कण पुरतो, म्हणून चुंबक फिरवून पुन्हा बघितलं. रात्री नऊला सुरू केला, पहिल्याच फटक्यात चालू झाला.

एक उणीव आहे. जुनी रॅम २४०० वेगाची, आणि ह्या प्रोसेसरला ३२००ची सवय. त्यामुळे काही फ्रेम हातच्या जातात. धूर फुटला की १७०चे १३० होतात, पण अडखळत नाही. रॅम उतरली की बदलेन.

आप्पांनी त्यांची मागाची जुनी वही मला दिली. अर्ध्याच्या पुढं कोरी आहे. डावीकडे तारीख, उजवीकडे कापडाचे वार, अशा त्यांच्या रेघा आधीच मारलेल्या. मी वारांच्या रकान्यात तास लिहितो. जानेवारीत ३८ भरले. हिशोबात धरले होते ४३. मधल्या आठवड्यात पुण्यातल्या एकाचे वडील गेले, तेव्हा आम्ही दोन रात्री नुसतंच बोलत बसलो होतो, खेळ सुरू केलाच नाही. ते पाच तास वहीत लिहायचे की नाही, ह्यावर आप्पा म्हणाले, "लिही. यंत्र चालू होतं की."